तंबूचं दार

मागच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा तुमच्या शाळेचं एक पत्र फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं. पुढच्या वर्षी उंच डोंगरावरच्या पाइनच्या जंगलात चार दिवसांचा कॅम्प, मुक्काम तंबूत, सोबत आणायच्या वस्तूंची यादी. कबीर, तू विचारलंस, "आजी, तू कधी तंबूत राहिलीस का?" मी "एकदा" म्हणाले आणि विसळलेले कप पुन्हा विसळायला घेतले. ईशा, तू त्याच आठवड्यात बाबाजवळ तक्रार केलीस, की बाहेर बर्फ असताना आजी खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवते आणि सगळी ऊब निघून जाते. तुमचा बाबा येऊन ती मुकाट्यानं बंद करायचा. तो खोलीबाहेर गेला की मी पुन्हा उघडायची. कबीरच्या प्रश्नाचं आणि ईशाच्या तक्रारीचं उत्तर एकच आहे. ते तुमच्या बाबालाही मी आजवर सांगितलेलं नाही. मला कुठलीही गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे, तेव्हा घरापासूनच सुरुवात करते.

आमचं घर धुळ्यात होतं. माझे वडील, नाना, हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि घरसुद्धा वर्गासारखंच चालवायचे. प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला असे आणि आत काय काय आहे त्याची यादी त्या कागदावर नानांच्या तिरक्या इंग्रजी अक्षरात असे. पहाटे दुधाच्या कॅनचा खडखडाट, मग जिनिंग मिलचा भोंगा, मग नानांचं मोठ्यानं इंग्रजी वाचन आणि त्या वाचनाच्या मधूनमधून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज. प्रवासाला निघायचं असलं की नाना वळकटी मला बांधायला लावत. दोर कुठून घ्यायचा, कुठे पीळ द्यायचा, शेवटी गाठ कशी मारायची हे त्यांनी मला सातव्या वर्षी शिकवलं. वळकटी उचलून जोरात हलवायचे. सैल पडली तर सगळी सोडून पुन्हा बांधायची. पंधराव्या वर्षापर्यंत माझी बांधलेली वळकटी कुणाच्या हलवण्यानं सैल होत नव्हती. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

आमच्या मागच्या खोलीत सिंधू राहायची. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली, माझ्याच वर्गातली. तिच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. कपाशी आणि मिरचीची त्यांची बेताची जमीन होती. घराण्यात कॉलेजात पोचलेली ती पहिलीच. रोज सकाळच्या दोंडाईच्याच्या एसटीनं तिचा डबा यायचा. कंडक्टर तो स्टँडवरच्या पानवाल्याकडे ठेवायचा, आणि आम्ही दोघी कॉलेजला जाताना उचलायचो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी उडदाची घट्ट डाळ. माझ्या आईचा वरणभात तिला आजाऱ्याचं जेवण वाटायचा. ती माझ्याशी अहिराणीतच बोलायची आणि मी तिच्याशी पुस्तकी मराठीत. दोघींचं कधी अडलं नाही. मी वहीत दिवसाचा आराखडा लिहायला बसले की ती पाठीमागून डोकवायची. "काय व मास्तरीन, बठ्ठं लिखीसन ठेवस का तू? मंग हाई बी लिख, सिंधूनी आज दोन भाकरी जास्त खाद्या." मी रागावले की ती आणखी हसायची. हसताना ती तोंडावर पदर किंवा ओढणी घ्यायची नाही, आणि त्या काळी आमच्या गल्लीत हे लक्षात येण्याजोगं होतं.

आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली. दिवाळीच्या सुटीत हिमालयात निसर्ग शिबिर, मुलींची वेगळी तुकडी, बरोबर भूगोलाच्या बोरसे मॅडम. मी लगेच नाव दिलं. सिंधूलाही जायचं होतं, पण दिवाळीनंतर घरी कापूस वेचायला हात लागत. तिनं घरी विचारलंच नसतं. विचारायला मी गेले, तिच्याबरोबर एसटीत बसून, नानांनी शिकवलेल्या पद्धतीनं मुद्दे मनात मांडून. आबा ओट्यावर बसून बैलाच्या दोराला गाठ देत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कापूस येचाना दिन शेतस," ते म्हणाले, "अन् हाई डोंगर पाहाले जास म्हने. आठून सातपुडा दिखस ना फुकटमा."

"आबा, तो डोंगर वेगळा. तिथं बर्फ असतो."

"बरफ तं दोंडाईचाले बी भेटस, लाकूडना भुसामा."

सिंधू दारामागे फिसकन हसली. तिची माय चुलीपाशी होती. ती हसली नाही. आबांनी दोराची गाठ ओढून पक्की केली आणि ते मला म्हणाले, "तू जाई राहिनी ना? मंग जाऊ दे. तुना भरोसावर तिले धाडस, बेटी. तिले परत लई ये."

मी म्हणाले, "हो आबा. माझी जबाबदारी." हे वाक्य मी जसं उच्चारलं तसंच इथे लिहिते आहे. एकही शब्द वाढवलेला नाही.

निघताना त्यांनी तिला स्वतःची घोंगडी दिली. काळी, जुनी, मधोमध विरलेली. वावरात राखणीला जाताना ते ती घ्यायचे. "ह्या साले नवी लेसूत," ते म्हणाले, "आते हाईच ऱ्हाऊ दे." सिंधूच्या मायनं अर्धं पोतं भरताची हिरवी वांगी, कळण्याचं पीठ, लसूण, मिरच्या आणि भरीत कुटायची लाकडी बडगी बांधून दिली. हिमालयात भरीत करायचं ही कल्पना सिंधूचीच. आमच्याकडे थंडी पडली की वावरात भरीत झालंच पाहिजे. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाटीचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, बडगीत कुटायची आणि तिथेच झाडाखाली सगळ्यांनी जेवायचं. डोंगरावर थंडी असणार, तेव्हा भरीत हवंच, असा तिचा हिशेब होता. भुसावळच्या फलाटावर ते पोतं बघून बोरसे मॅडमनी कपाळाला हात लावला, पण पोतं गाडीत चढलं.

दोन दिवस रेल्वे, मग एक दिवस घाटातली बस, मग खेचरांवर सामान टाकून तीन तासांची चढण. वर पोचलो तेव्हा दुपार होती, आणि तरी उजेड संध्याकाळसारखा होता. तुम्ही लहानपणापासून अशी झाडं पाहिलीत. आम्ही बाभूळ, निंब आणि केळी पाहिलेल्या मुली. इतकी सरळ आणि इतकी उंच झाडं असू शकतात हे मला खरं वाटेना. खाली सुया पडून पडून जमीन गादीसारखी झाली होती आणि चालताना स्वतःच्या पावलांचा आवाज येत नव्हता. मात्र वर शेंड्यांतून सतत एक आवाज यायचा, लांबून पूर आल्यासारखा. सिंधू पहिल्या संध्याकाळी म्हणाली, "आठे पाखरे बी बोलतस नही व. माले नही आवडनं." दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांत पुढे तीच चढत होती.

तंबू जाड खाकी कॅनव्हासचे होते. दाराच्या दोन पदरांना पितळी भोकं, त्यांतून दोर ओवायचा आणि घट्ट ओढून बांधायचा. खालच्या कडेला कापडाची एक पट्टी लोंबत असे, ती आत दुमडून तिच्यावर सामान ठेवलं की वारा येत नसे. आमच्या तंबूत तिघी होतो, सिंधू, मी आणि जळगावची उषा नावाची एक शांत मुलगी. मला मॅडमनी तंबूप्रमुख केलं होतं. तंबूंच्या तपासणीत पहिल्या दिवशी आमचा तंबू पहिला आला. बाकीच्यांच्या तंबूत फटींतून वारा शिरायचा, आमच्या तंबूत नाही. मी त्या पट्टीवर तिघींच्या पिशव्या, ट्रंका आणि बूट ओळीनं, एकाला एक चिकटवून लावले होते.

शिबिराचा स्वयंपाकी रूपराम नावाचा तिथलाच पहाडी माणूस होता, नानांच्या वयाचा. सगळ्या मुलींना तो बिटिया म्हणायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही भरीत केलं, तेव्हा तो आधी लांब उभा राहून बघत होता. पऱ्हाटी नव्हती, म्हणून सिंधूनं देवदाराच्या वाळल्या फांद्या आणि पाइनची बोंडं गोळा केली. त्या जाळाला राळेचा वास होता आणि वांग्यांनाही तो लागला. मग ती बडगी दोन पायांत धरून कुटायला बसली. मिरच्या एवढ्या घातल्या, की दुसऱ्या राज्यांतून आलेल्या मुली पहिल्याच घासाला पाणी शोधत पळाल्या. रूपरामनं दोनदा घेतलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "बिटिया, ये सब्जी है के सज़ा?" सिंधूला हिंदी नीट येत नव्हती. मी अर्थ सांगितला तेव्हा ती इतकी हसली, की बडगी कलंडली. तिचा त्या दिवशीचा चेहरा मला अजून दिसतो. गालाला काजळी होती आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता.

जेवणं उरकत असतानाच आभाळ भरून आलं, आणि काही कळायच्या आत गारा आल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या, आणि त्यांच्याबरोबर बर्फासारखा पाऊस. सगळ्या तंबूंकडे पळाल्या. सिंधू भांडी आणि बडगी गोळा करायला मागे राहिली आणि नखशिखान्त भिजून आली. तिच्याजवळ कोरडं काही उरलं नव्हतं, कारण धुतलेले कपडे तिनं दोरीवर टाकले होते. मी तिला माझा स्वेटर दिला, वर आबांची घोंगडी गुंडाळली, तरी तिचे दात वाजत होते. खानदेशातल्या माणसाला ऊन सोसता येतं. या थंडीशी कसं वागायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

"घमेलं लई येऊत का?" ती म्हणाली. "वावरनी खोपीमा आबा रोज घमेलामा इंगय लई बसस. रातभर ऊब ऱ्हास."

घमेल्यात निखारे आणण्यात मला गैर काही वाटलं नाही. आमच्याकडे हिवाळ्यात राखणीला जाणारा प्रत्येक माणूस हेच करी. पण खोपी असते पऱ्हाटीच्या कुडाची. तिच्या भिंतींतून चांदणं आत येतं आणि वारा आरपार जातो. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. सातव्या वर्षापासून सगळं नीट करायला शिकलेल्या माझ्या लक्षात आला नाही.

भरताच्या जाळाचे निखारे ताडपत्रीच्या छपराखाली होते, म्हणून वाचले होते. मी आणि उषा घमेलं घेऊन गेलो आणि फावड्यानं भरून घेतलं. रूपराम स्वयंपाकाच्या तंबूतून ओरडला, "अंदर मत ले जाना बिटिया! कपडे का घर है, सांस नहीं लेता." मी म्हणाले, "सिर्फ कपडे सुखाने हैं चाचा." तो गारांत डोक्यावर थाळी धरून आमच्याजवळ आला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "ले जाती हो तो दरवाज़ा खुला रखना. भूलना नहीं." मी म्हणाले, "हां चाचा, खुला रखेंगे."

दार मी पाच मिनिटं उघडं ठेवलं असेल. वारा येत होता, गारा उडून अंथरुणावर पडत होत्या, निखाऱ्यांची ऊब लागत नव्हती. सिंधू म्हणाली, "दार लाय व, मास्तरीन." मी दार लावलं. खालची पट्टी दुमडून पिशव्या पुन्हा ओळीनं लावल्या. भिजून कॅनव्हास फुगला होता, शिवणीसुद्धा बंद झाल्या होत्या. थोड्या वेळात आत खरंच छान ऊब आली. सिंधूचे दात वाजायचे थांबले. घोंगडीत गुरफटून ती घमेल्याजवळ आडवी झाली आणि म्हणाली, "आते घरसारखं वाटनं."

तेवढ्यात बोरसे मॅडमची हाक आली. शिबिराच्या अधिकाऱ्यांना आमच्या तुकडीचा अहवाल त्याच दिवशी इंग्रजीत हवा होता, आणि इंग्रजी माझं चांगलं. माझं डोकं दुखत होतं, पण ते चढणीमुळे असेल असं वाटलं. सिंधू आणि उषाला आत सोडून मी बाहेर पडले. माझ्यामागे वाऱ्यानं दाराचे पदर फडफडले, म्हणून मी वळले आणि बाहेरून दोर ओवून, ओढून बांधला. नेहमी मी एका झटक्यात सुटणारी गाठ मारायची. त्या दिवशी वारा होता, म्हणून दुहेरी मारली.

अहवाल मी दोनदा लिहिला. पहिल्या प्रतीत एक खाडाखोड झाली होती. मॅडम म्हणाल्या, चालेल. मीच म्हणाले, नको, स्वच्छ लिहिते. चहाची घंटा झाली तेव्हा पाऊस थांबला होता आणि झाडांवरून नुसतं पाणी ठिबकत होतं. सगळ्या मुली चहाला आल्या. आमच्या दोघी आल्या नाहीत. झोपल्या असतील असं समजून मी तीन मग घेऊन तंबूकडे गेले. हाका मारल्या. मग दोर सोडायला लागले. भिजलेला दोर आवळला होता आणि माझी बोटं बधिर झाली होती. गाठ सुटेना. मी हसत हसत काहीतरी बोलत होते, ते आठवतं. काय बोलत होते ते आठवत नाही. मग मी दातांनी गाठ ओढली.

उषा दाराशीच पडलेली होती. तिचं तोंड दोन पदरांच्या फटीशी होतं, बहुतेक बाहेर पडायला म्हणून सरपटत तिथवर आली असावी. तिला उलटी झाली होती, पण श्वास होता. सिंधू घमेल्याजवळ तशीच होती, कुशीवर, हात गालाखाली. गाल तांबूस होते, चांगली झोप लागलेल्या बाळासारखे. म्हणून मला वाटलं, तिला काही झालेलं नाही. मी तिला हाक मारली, चिमटा काढला, "ऊठ, चहा थंड होतो," म्हणाले. रूपराम धावत आला. त्यानं एका लाथेनं घमेलं बाहेर उडवलं, तिला उचलून बाहेर पाइनच्या सुयांवर आणून ठेवलं आणि तिची छाती दाबत राहिला, दाबतच राहिला. मग थांबला आणि माझ्याकडे बघितलं. त्यानं एकदा नुसतं दाराकडे बघितलं, लोंबणाऱ्या दोराकडे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं कागदांवरच झालं, आणि ते कागद मी लिहिले. उषा वाचली, पण त्या दुपारचं तिला काहीच आठवत नव्हतं. खालच्या गावातून जमादार आला. शिबिराच्या अधिकाऱ्यांना लेखी निवेदन हवं होतं, इंग्रजीत. बोरसे मॅडम मला बाजूला घेऊन गेल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. "तू दोर बांधलास हे लिहायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "गेलेली परत येणार नाही. तुझं सगळं आयुष्य पुढं आहे. स्वयंपाक्यानं निखारे दिले, एवढं लिही." मी तेवढंच लिहिलं. निखारे शिबिराच्या स्वयंपाक्याकडून मिळाले होते. व्याकरणाची एकही चूक नव्हती. रूपरामनं दोनदा बजावलं होतं हे त्यात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आपलं गाठोडं पाठीवर घेऊन उतरणीला लागला. मी तंबूच्या आडून बघत होते. पुढे खूप वर्षांनी मी त्या शिबिराच्या पत्त्यावर खरं काय ते लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. त्याचं काय झालं मला माहीत नाही.

आबांना पाठवायची तारही मीच लिहिली. तारेत शब्द थोडे लागतात. मॅडमनी सांगितलं, थंडीमुळे निधन, एवढं पुरे. त्या काळी इतक्या लांबून देह आणणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि आबा पोचेपर्यंत थांबणंही नव्हतं. तिथेच, नदीकाठी, देवदाराच्या लाकडांवर तिला अग्नी दिला. परतीच्या प्रवासात तांब्याचा एक लोटा, तोंडाला लाल कापड बांधलेला, माझ्या मांडीवर होता. तेही कापड मीच बांधलं होतं.

नाना मला घेऊन गावी गेले. ओट्यावर माणसं बसली होती. आबांनी लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. घोंगडी मी घडी करून आणली होती, ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलगडली, मधोमध विरली होती तिथे बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"तिले भलती थंडी वाजनी व्हई ना, बेटी?" त्यांनी विचारलं. "मनी घोंगडी जुनी व्हती. मी म्हनं, ह्या साले नवी लेसूत. तवयच लेवाले पाहिजे व्हती."

सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. नानाही बघत होते, आणि त्यांनाही खरं माहीत नव्हतं. मी खाली बघून मान हलवली. त्या एका होकारानं मी त्या माणसाच्या हातात काय दिलं हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

चार वर्षांनी माझं लग्न झालं. तुमचे आजोबा भुसावळला कारखान्यात होते. भुसावळचा उन्हाळा कसा असतो ते तुमच्या बाबाला विचारा. लग्नाला आबा आले, कोपऱ्यात बसले, जेवले, आणि निघताना वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. नवी घोंगडी होती, जाड, दाट विणीची. तुमचे आजोबा गमतीनं म्हणाले, "आबा, आमच्या गावात याची गरज जानेवारीत दोन दिवस पडेल." आबा म्हणाले, "पडू दे दोन दिन. तिले थंडी वाजाले नको." मी आत जाऊन न्हाणीघराचा नळ मोठा सोडला. ती घोंगडी ट्रंकेत ठेवली. त्या ट्रंकेच्या झाकणावरच्या यादीत मात्र ती मी कधी लिहिली नाही.

तुमचा बाबा पाच वर्षांचा असताना डिसेंबरात एकदा तापानं फणफणला. थंडी वाजते म्हणून रडत होता. आमच्या मोलकरणीनं शेगडी पेटवून खोलीत आणली आणि दार ओढून घेतलं. मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडले, की शेजारचे धावत आले. शेगडी बाहेर गेली, बाबा दोन दिवसांत बरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दोंडाईच्याची एसटी पकडली.

आबा घरातच होते, बाजेवर. खूप वाळले होते. बाहेर चांगलाच गारठा होता, ओट्यावर शेकोटी पेटलेली, आणि ते आत नुसत्या बंडीवर, उघड्या पायांनी पडलेले. सिंधूची माय चुलीपाशी बसून मिरच्यांचे देठ मोडत होती. मी त्यांच्या अंगावर घालायला काही दिसतं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मायच्या ते लक्षात आलं.

"हिवाळामा ह्या आंगवर काही लेतस नही," ती म्हणाली. "तवयपासून. म्हनतस, पोर उघडी गयी, मी कसाले लेऊ."

भिंतीवर खुंटीला ती जुनी घोंगडी टांगलेली होती.

मी जमिनीवर बसले आणि सांगितलं. क्रमानं सांगितलं. भरीत, गारा, घमेलं, निखाऱ्यांची विषारी हवा, रूपरामचं बजावणं. तिला थंडीनं मारलं नाही, बंद तंबूतल्या त्या हवेनं मारलं, असं सांगितलं. इतकी वर्षं मी खोटं होऊ दिलं, असंही सांगितलं. आबा छताकडे बघत होते. ऐकताहेत की नाही कळेना. मी थांबल्यावर त्यांनी मान वळवली.

"मंग... तिले थंडी नही वाजनी?"

"नाही आबा. शेवटी नाही वाजली. ती उबेत होती. म्हणाली, घरसारखं वाटतं. झोपेतच गेली."

"नही वाजनी," ते म्हणाले. मग चुलीकडे बघून मोठ्यानं, "आयकं का व? पोरले थंडी नही वाजनी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. त्यांनी खुंटीकडे हात केला. मी उठून घोंगडी काढली आणि त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी ती गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि डोळे मिटले. अकरा हिवाळे तो माणूस उघडा झोपला होता, आणि माझी दोनचार वाक्यं पुरली होती.

मायचे हात मात्र थांबले होते. मी सगळं सांगितलं होतं, फक्त एक सोडून, आणि नेमकं तेच तिनं उचललं.

"दार बंद व्हतं म्हनस तू. कोनी बंद करं?"

"मी, माय."

"मजारतीन?"

"आधी आतून. मग जाताना बाहेरून. दोर बांधला."

ती रडली नाही, तिनं शिव्या दिल्या नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, घराच्या दाराशी गेली आणि दोन्ही फळ्या भिंतीला टेकेपर्यंत उघडल्या. गार वारा सरळ आत आला. चुलीतली राख उडाली. ती परत आपल्या जागी येऊन बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि मिरच्यांचे देठ मोडू लागली.

तुम्ही कॅम्पला जरूर जा. जाऊ नका असं मी म्हणत नाही. एवढंच, की तुमच्या खोलीतली बोटभर खिडकी ही अशी आहे. ती थंड हवा मला त्या घरातून मिळालेली आहे, आणि तिच्याशिवाय मला झोप लागत नाही.

त्या दिवशी निघताना मी "येते, माय," म्हणाले. उंबरा ओलांडून बाहेर आले आणि सवयीनं माझा हात मागे दाराच्या कडीकडे गेला. कडी बर्फासारखी होती. मी हात काढून घेतला आणि दार तसंच उघडं ठेवून स्टँडकडे चालू लागले.